हुकूमनाम्यानंतर

दावा जिंकला की पक्षकार पेढे घेऊन येतो. वकील पेढा तोंडात टाकतो, पण त्याला ठाऊक असतं की खरी दगदग आता सुरू होणार. हुकूमनाम्याची नक्कल मिळवा, दरखास्त, म्हणजे त्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, दाखल करा, नोटीस काढा. बेलिफ जागेवर जातो तर दाराला कुलूप. पंच मिळत नाहीत. पोलिस बंदोबस्तासाठी अर्ज द्यावा, तर त्यावर समोरच्याचं म्हणणं यायचं असतं. तेवढ्यात कुठूनतरी एक हरकतदार उभा राहतो आणि सांगतो की, माझा या जागेवर हक्क आहे, मला विचारलंच नाही. जिंकलेला माणूस तारखांना येत राहतो. मी दिवाणीच्या बाजूला वकिली केली आणि आयुष्याचा मोठा भाग अशा दरखास्तींत गेला, त्यामुळे कुठल्याही ऐतिहासिक निकालाबद्दल वाचलं की माझ्या मनात आधी एकच प्रश्न येतो. हे अमलात कुणी आणलं?

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1954 साली ‘ब्राउन विरुद्ध बोर्ड ऑफ एज्युकेशन’ खटल्यात एकमताने निकाल दिला की, गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांना वेगवेगळ्या शाळांत बसवणं घटनेच्या विरुद्ध आहे. हे आपण सगळ्यांनीच कुठे ना कुठे वाचलेलं असतं. पुढच्याच वर्षी त्याच न्यायालयाने अंमलबजावणीचं काम खालच्या न्यायालयांकडे सोपवलं आणि मुदत अशी मोघम ठेवली की ज्याला टाळायचं त्याला पिढ्यान् पिढ्या टाळता यावं. दक्षिणेतल्या राज्यांनी ते ओळखलं. म्हणजे हुकूमनामा झाला होता आणि समोर कुलूप लावलेलं दार होतं. ही दरखास्त ज्यांच्यासमोर चालली त्या न्यायाधीशांचा शोध घेत गेलो, तेव्हा मला फ्रँक मिनिस जॉन्सन भेटले. अलाबामा राज्यात मॉन्टगोमेरीला बसणारे संघराज्याच्या डिस्ट्रिक्ट कोर्टाचे न्यायाधीश.

हे पद नेमकं काय, ते आधी सांगायला हवं. अमेरिकेत राज्यांची न्यायालयं वेगळी आणि संघराज्याची वेगळी. संघराज्याच्या रचनेत तळाची पायरी म्हणजे डिस्ट्रिक्ट कोर्ट. देशभरात अशी 94 आहेत. साक्षीदार इथेच पिंजऱ्यात उभा राहतो, उलटतपासणी इथेच होते, कागद इथेच शाबीत होतात. तेवढ्यापुरता हा आपला जिल्हा न्यायाधीश. पण राज्याचा कायदा घटनाबाह्य ठरवण्याचा, गव्हर्नरला हुकूम देण्याचा अधिकारही त्याला असतो, आणि तो अधिकार आपल्याकडे उच्च न्यायालयाच्या पायरीवर सुरू होतो. नेमणूक राष्ट्राध्यक्ष करतात, सिनेट मान्यता देते, आणि मग तो तहहयात. महाभियोगाशिवाय काढता येत नाही, पगार कमी करता येत नाही. साक्षीदाराचा चेहरा बघणारा आणि सरकारचा हात धरू शकणारा असा हा एकच माणूस.

आणि तो गावात राहतो, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. सर्वोच्च न्यायालयाचे नऊ जण वॉशिंग्टनमध्ये. डिस्ट्रिक्ट जज मात्र ज्यांच्याविरुद्ध निकाल देतो त्यांच्याच रस्त्यावर राहतो, त्यांच्याच दुकानात किराणा घेतो, त्याची मुलं त्यांच्याच मुलांबरोबर शाळेत असतात.

जॉन्सन यांचा जन्म 1918 चा, उत्तर अलाबामाच्या डोंगराळ विन्स्टन परगण्यातला. या परगण्याची कथा न्यारी आहे. 1861 मध्ये गुलामगिरी टिकवण्यासाठी अलाबामा संघराज्यातून फुटला, तेव्हा इथल्या गरीब शेतकऱ्यांना ते मुळीच रुचलं नाही. त्यांच्याकडे गुलाम नावालाच होते, आणि दुसऱ्यांच्या गुलामांसाठी आपण का मरावं, असा रोकडा विचार त्यांनी केला. ‘फ्री स्टेट ऑफ विन्स्टन’ हे नाव या परगण्याला तेव्हापासून चिकटलं. सगळं राज्य डेमोक्रॅट असताना हे लोक रिपब्लिकन राहिले, आणि जॉन्सन यांचं घरही तसंच. दुसऱ्या महायुद्धात पायदळात असताना नॉर्मंडीच्या लढाईत ते जखमी झाले. परत येऊन जॅस्पर नावाच्या छोट्या गावात वकिली केली. 1953 मध्ये आयझेनहॉवर यांच्या सरकारने त्यांना उत्तर अलाबामाचे सरकारी वकील नेमलं.

त्या काळातल्या एका खटल्यापाशी मी बराच वेळ थांबलो. गोरे जमीनदार तुरुंगातल्या कृष्णवर्णीय माणसांचा दंड भरायचे आणि त्या पैशाच्या बदल्यात त्यांना शेतावर राबवायचे. पळून जाणाऱ्याला मारहाण, आणि त्या मारहाणीत एक जण मेलासुद्धा. आपल्याकडे याला वेठबिगारी म्हणतात आणि तिची रीत इतकी ओळखीची आहे की वाचताना देश बदलल्याचं जाणवत नाही. जॉन्सन यांनी तो खटला सगळ्या गोऱ्या ज्युरीसमोर चालवला आणि 1954 मध्ये शिक्षा करवून घेतली.

ऑक्टोबर 1955 मध्ये ते डिस्ट्रिक्ट जज झाले, वयाच्या सदतिसाव्या वर्षी. अलाबामाचे न्यायालयीन भाग तीन, त्यातला मधला त्यांच्याकडे. राज्याची राजधानी मॉन्टगोमेरी याच भागात येते. त्यामुळे गव्हर्नर, शिक्षणमंडळ, तुरुंग खातं, इस्पितळं, कुणाही सरकारी खात्याविरुद्ध दावा झाला की तो बहुधा यांच्याच टेबलावर यायचा. इतिहास त्यांच्या वाट्याला आला तो या साध्या अधिकारक्षेत्राच्या नियमाने.

नेमणुकीला दीड महिनाही झाला नव्हता आणि 1 डिसेंबरला रोझा पार्क्स या कृष्णवर्णीय बाईंना, बसमधली जागा गोऱ्या प्रवाशासाठी सोडली नाही म्हणून, अटक झाली. बसवरचा बहिष्कार सुरू झाला. बहिष्काराचा इतिहास सगळ्यांना माहीत असतो, त्यातल्या दाव्याचा फारसा नसतो. बसमध्ये गोऱ्यांना आणि कृष्णवर्णीयांना वेगळं बसवणाऱ्या कायद्यालाच आव्हान देणारा ‘ब्राउडर विरुद्ध गेल’ हा दावा फ्रेड ग्रे या पंचविशीतल्या कृष्णवर्णीय वकिलाने दाखल केला. वादी चार बायका. त्यांतली क्लॉडेट कोल्विन अटक झाली तेव्हा पंधरा वर्षांची शाळकरी मुलगी होती. मे 1956 मध्ये तीन न्यायाधीशांसमोर साक्षी झाल्या. शहराच्या वकिलाचा सगळा रोख असा की, या बायकांना कुणीतरी पुढाऱ्याने फूस लावली आहे. तुमचा पुढारी कोण, असं त्याने कोल्विनला विचारलं. तिचं उत्तर रेकॉर्डवर आहे. आमचे पुढारी आम्हीच, असं ती म्हणाली.

उलटतपासणीत असा प्रश्न विचारणं किती धोक्याचं, हे वकिलांना कळेल. उत्तर काय येईल ते माहीत नसताना विचारलं आणि दाव्याचा गाभाच समोरून आला.

साक्षी झाल्यावर तिघे न्यायाधीश आतल्या खोलीत बसले. रिवाज असा की सर्वांत कनिष्ठाने आधी मत सांगायचं, म्हणजे ज्येष्ठांचं दडपण येत नाही. कनिष्ठ होते जॉन्सन. त्यांनी सांगितलं की, सरकारने कायद्याने लादलेला असा भेद घटनेत बसत नाही, मी वादींच्या बाजूने आहे. ज्येष्ठ न्यायाधीश रिचर्ड राइव्ह्ज त्यांच्याशी सहमत झाले, तिसऱ्यांनी विरोधी मत लिहिलं. 5 जून 1956 ला निकाल आला, नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला, आणि 381 दिवसांनी बहिष्कार संपला. शाळांबद्दलच्या ‘ब्राउन’मधलं तत्त्व बसलाही लागू होतं, हे आज सरळ वाटतं. त्या दिवशी सर्वोच्च न्यायालयाने ते कुठे स्पष्ट लिहिलेलं नव्हतं. वरच्या न्यायालयाने सांगितलं नसताना दोघांनी ते एक पाऊल स्वतः टाकलं.

शहराने त्याची किंमत लगेच वसूल केली. जॉन्सन यांच्या अंगणात क्रॉस जाळला गेला, गोऱ्या वर्चस्ववाद्यांची ही धमकीची खूण. धमक्यांची पत्रं आणि रात्रीचे फोन यांना अंत नव्हता. घरावर पुढे अनेक वर्षं फेडरल मार्शलचा पहारा राहिला. राइव्ह्ज तर मॉन्टगोमेरीच्या जुन्या घराण्यातले. त्यांचा मुलगा अपघातात गेला होता, त्याच्या थडग्यावर लोकांनी कचरा टाकला. वाचताना मला राइव्ह्ज यांच्याबद्दल अधिक वाटलं. जॉन्सन डोंगरातून आलेले, त्या शहराचे ते कधी नव्हतेच. राइव्ह्ज यांना ज्यांनी तोडलं ती त्यांचीच माणसं होती.

या कथेत जॉर्ज वॉलेस आले नाहीत तर ती अपुरी राहील. जॉन्सन आणि वॉलेस अलाबामा विद्यापीठात कायद्याचे विद्यार्थी म्हणून एकत्र होते, चांगले मित्र होते. पुढे वॉलेस राज्याच्या न्यायव्यवस्थेत सर्किट जज झाले. 1958 च्या अखेरीस नागरी हक्क आयोगाने मतदार नोंदणीची दप्तरं मागितली, वॉलेसनी ती द्यायला नकार दिला, आणि प्रकरण मित्राच्याच कोर्टात आलं. जॉन्सन यांनी पुढे सांगितलेली हकिगत अशी की, वॉलेस एका रात्री उशिरा त्यांच्या घरी आले. त्यांना गव्हर्नर व्हायचं होतं. थोड्या दिवसांची कैद झाली तर निवडणुकीत उपयोग होईल, पण मोठी शिक्षा नको, असं त्यांचं म्हणणं. जॉन्सन यांनी सांगितलं की, दप्तर दिलं नाहीस तर बेअदबीबद्दल जेवढी देता येईल तेवढी शिक्षा देईन. वॉलेसनी ग्रँड ज्युरीच्या, म्हणजे आरोप ठेवायचा की नाही ते ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाच्या, हातून दप्तरं गुपचूप पोचवली आणि बाहेर मात्र आपण झुकलो नाही असं सांगत फिरले. जॉन्सन यांनी त्यांना निर्दोष सोडलं, आणि निकालात दप्तरं मिळाल्याचं साफ लिहिलं. हुतात्मा व्हायची संधी गेली. वॉलेसनी 1962 च्या प्रचारात या जुन्या मित्राला भरसभेत खोटारडा म्हटलं, आणि निवडून आले.

पुढची कित्येक वर्षं राज्याच्या राजधानीत हे दोघे समोरासमोर होते. एकाकडे पोलिस, तिजोरी आणि मतं. दुसऱ्याकडे एक टेबल, दोनचार लॉ क्लार्क आणि सही.

टस्कीगीच्या शाळेचं उदाहरण घ्या. 1963 मध्ये ‘ली विरुद्ध मेकन काउंटी’ या दाव्यात जॉन्सन यांनी तिथल्या गोऱ्यांच्या शाळेत तेरा कृष्णवर्णीय मुलांना प्रवेश द्यायचा हुकूम केला. स्थानिक शाळामंडळ तयार झालं. वॉलेसनी मात्र राज्याचे पोलिस पाठवून शाळाच बंद पाडली. वकिलाच्या नजरेने बघा, गव्हर्नरने इथे स्वतःच्या हाताने पुरावा दिला. शाळा हा स्थानिक मंडळांचा विषय, राज्याचा त्याच्याशी संबंध नाही, हा सरकारचा बचाव होता. पण राज्य एखाद्या गावची शाळा पोलिस पाठवून बंद करू शकत असेल, तर सगळ्या शाळांवर त्याचा ताबा आहे हे त्यानेच दाखवून दिलं. वादींनी तो धागा पकडला. मार्च 1967 मध्ये जॉन्सन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी एकाच हुकुमाने राज्यातल्या 99 शाळामंडळांना भेदभाव संपवायला लावलं. एकेका गावासाठी वेगळा दावा लावायची गरज उरली नाही. संपूर्ण राज्याला एकाच वेळी असा हुकूम त्याआधी कुठे झाला नव्हता.

त्यानंतर साधारण महिन्याने, 25 एप्रिल 1967 च्या रात्री, जॉन्सन यांच्या आईच्या घरावर बॉम्ब टाकला गेला. दूरध्वनीच्या पुस्तकात तिथे दिवंगत वडिलांचं नाव होतं, आणि बापलेकांचं नाव एकच. आई घरातच होती, पण सुखरूप राहिली. त्या माउलीचं नावही अलाबामा होतं.

सेल्माबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, कारण तिथे मला आपलं महाड दिसलं.

7 मार्च 1965, रविवार. मतदानाच्या हक्कासाठी सेल्माहून मॉन्टगोमेरीला पायी निघालेल्या सहाशेच्या आसपास लोकांना एडमंड पेटस पुलापलीकडे पोलिसांनी लाठ्या आणि अश्रुधूर वापरून तुडवलं. दुसऱ्या दिवशी मोर्चाला संरक्षण मागणारा अर्ज जॉन्सन यांच्यासमोर आला. त्यांनी तो तत्काळ मंजूर केला नाही. दोन्ही बाजू ऐकेपर्यंत मोर्चा काढू नये, असा तात्पुरता मनाई हुकूम 9 मार्चला दिला. मार्टिन लूथर किंग पेचात पडले. देशभरातून लोक सेल्मात पोचले होते. किंग त्यांना घेऊन पुलापलीकडे गेले, गुडघे टेकून प्रार्थना केली आणि माघारी वळले. त्यांच्याच लोकांनी त्यांना बोल लावला.

डिसेंबर 1927 मध्ये महाडच्या दिवाणी न्यायालयाने बाबासाहेबांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना चवदार तळ्यावर जायला असाच तात्पुरता मनाई हुकूम दिला होता. हजारो माणसं महाडात जमली होती, पाणी प्यायचंच अशा तयारीने आली होती. बाबासाहेबांनी कोर्टाचा हुकूम मोडायचा नाही असं ठरवलं. मिरवणूक शिस्तीने तळ्याला वळसा घालून परतली. बाबासाहेब स्वतः बॅरिस्टर होते. कायद्याने मिळवायचं ते कायदा मोडून घालवायचं नाही, हा हिशेब त्यांच्या मनात किती खोल असेल, आणि त्या दिवशी परतणाऱ्या माणसांच्या पायांना तो किती जड गेला असेल!

दोन्हीकडे अंतरिम मनाई. दोन्हीकडे नेत्याने ती पाळली. फरक पुढचा. महाडचा दावा चालत राहिला आणि मुंबई उच्च न्यायालयाचा शेवटचा निकाल अस्पृश्य मानल्या गेलेल्यांच्या बाजूने लागला तो मार्च 1937 मध्ये. दहा वर्षं होत आली होती. जॉन्सन यांनी 11 मार्चला सुनावणी सुरू केली, सलग चालवली, पुलावरच्या मारहाणीची फिल्म कोर्टात लावून बघितली आणि 17 मार्चला निकाल दिला. मनाईपासून निकालापर्यंत आठ दिवस. तात्पुरत्या हुकुमातला अन्याय तो किती दिवस टिकतो यावर ठरतो. माझ्या कामाच्या वर्षांत ‘पुढील आदेशापर्यंत’ असा शेरा पडलेल्या आणि मग धूळ खात पडलेल्या कितीतरी फायली मी हाताळल्या आहेत. त्या आठ दिवसांकडे मी म्हणूनच इतक्या आदराने बघतो.

निकालात त्यांनी मांडलेलं सूत्र असं की, ज्या अन्यायाविरुद्ध दाद मागायची तो जेवढा मोठा, तेवढी रस्त्यावर निदर्शनं करण्याची मोकळीक मोठी, आणि इथले अन्याय प्रचंड आहेत. कायद्याच्या पंडितांनी त्यावर पुष्कळ वाद घातला. पण मला त्या हुकुमाचा दुसरा भाग अधिक भावतो. सेल्मा ते मॉन्टगोमेरी हे जवळजवळ 87 किलोमीटरचं अंतर. रस्ता जिथे चौपदरी तिथे कितीही माणसं चालोत, जिथे दुपदरी तिथे 300 च. रोज कुठवर चालायचं, मुक्काम कुठे, हे सगळं मोर्चेकऱ्यांच्या आराखड्यात लिहिलेलं आणि कोर्टाने मान्य केलेलं. आणि सही करण्याआधी त्यांनी वॉशिंग्टनकडून खात्री करून घेतली की, हुकूम दिला तर केंद्र सरकार तो अमलात आणेल. बेलिफ हात हलवत परत येणार असेल तर हुकूम देण्यात अर्थ नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. 21 मार्चला मोर्चा निघाला, 25 ला पोचला. त्याच रात्री डेट्रॉइटहून मदतीला आलेल्या व्हायोला लिउझो या पाच मुलांच्या आईला कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववादी संघटनेच्या लोकांनी गोळ्या घातल्या. राज्याच्या न्यायालयात आरोपी सुटला. जॉन्सन यांच्यासमोर नागरी हक्कांच्या उल्लंघनाचा खटला चालला, सगळी ज्युरी गोरी, आणि तिचं एकमत होईना. त्यांनी तिला परत विचार करायला पाठवलं. डिसेंबरमध्ये तिघांना दोषी ठरवलं गेलं आणि जॉन्सन यांनी कायद्यात होती तेवढी, दहा-दहा वर्षांची शिक्षा दिली.

या माणसाला चळवळीचा माणूस म्हणणं मात्र चुकीचं ठरेल. टस्कीगी शहराची हद्द 1957 मध्ये राज्याने नव्याने आखली, चौकोनाची अठ्ठावीस बाजूंची वेडीवाकडी आकृती केली, का तर जवळजवळ सगळे कृष्णवर्णीय मतदार शहराबाहेर पडावेत. त्याविरुद्धचा ‘गोमिलियन’ दावा जॉन्सन यांनी फेटाळला होता. हद्द ठरवणं विधिमंडळाचं काम, असं त्यांनी धरलं. 1960 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने त्यांना उलटवलं. बसप्रवासातला वर्णभेद मोडायला दक्षिणेत बसने फिरणाऱ्या ‘फ्रीडम रायडर्स’ना मारणाऱ्या क्लॅनला त्यांनी मनाई केली, मॉन्टगोमेरीच्या पोलिसांना संरक्षण द्यायला लावलं, आणि मग रायडर्सच्या फेऱ्यांवरही काही दिवसांची बंदी घातली. समोरच्या कागदावर आणि पुराव्यावर निकाल द्यायचा, ही त्यांची शिस्त. ती कधी त्यांना बिकट वाटेने नेई, कधी मागेही ओढी. डायसवर ते बहुतेक वेळा काळा झगाही घालत नसत.

आता ज्या प्रकरणामुळे मी हे लिहायला बसलो त्याकडे येतो. ‘वायट विरुद्ध स्टिकनी’.

टस्कलूसा गावात ब्राइस हॉस्पिटल हे अलाबामाचं मोठं मनोरुग्णालय. 1970 मध्ये तिथे पाच हजारांच्या आसपास रुग्ण होते. सिगारेटवरच्या कराचं उत्पन्न घटलं म्हणून सरकारने कर्मचारी कमी केले. कमी केलेल्यांनी दावा लावला, आणि रुग्णांपैकी एक म्हणून रिकी वायट या किशोरवयीन मुलाचं नाव घातलं. त्याला मनोविकार नव्हताच, वागणूक नीट नाही म्हणून तिथे ठेवलं होतं. दावा नोकऱ्यांचा होता. सुनावणीत त्याचा रोख फिरला आणि प्रश्न उभा राहिला तो रुग्णांचा. पाच हजार माणसांच्या प्रत्यक्ष उपचाराच्या कामावर पीएच.डी. झालेला एक मानसतज्ज्ञ, मनोविकारांचं थोडंफार प्रशिक्षण घेतलेले तीन डॉक्टर आणि दोन सामाजिक कार्यकर्ते. मार्च 1971 मध्ये जॉन्सन यांनी म्हटलं की, उपचारासाठी म्हणून एखाद्याचं स्वातंत्र्य काढून घ्यायचं आणि उपचारच द्यायचे नाहीत, हे घटनेच्या मुळावर घाव घालणं आहे.

एवढ्यावर थांबले असते तरी निकाल गाजला असता. सरकारला त्यांनी सुधारणेसाठी सहा महिने दिले. काही झालं नाही. मग तज्ज्ञांच्या साक्षी घेतल्या, आणि एप्रिल 1972 च्या हुकुमाला एक परिशिष्ट जोडलं. मी ते पूर्ण वाचलं. दर आठ रुग्णांमागे एक शौचकूप. दर सहांमागे एक हात धुण्याचं भांडं. दर पंधरांमागे एक शॉवर किंवा टब. एका खोलीत सहापेक्षा जास्त रुग्ण नकोत. रुग्णांच्या नळाला येणारं गरम पाणी 110 अंश फॅरनहाइट. वॉर्डातलं तापमान 68 च्या खाली नको आणि 83 च्या वर नको. रुग्णाला स्वतःचे कपडे घालायचा हक्क, पत्र पाठवायचा हक्क. संस्थेची साफसफाई त्याच्याकडून फुकट करून घ्यायची नाही. अडीचशे रुग्णांमागे डॉक्टर किती, परिचारिका किती, स्वयंपाकी किती, हे सगळं ओळीने.

घटनेतल्या मोठ्या शब्दांवर मी पुष्कळ भाषणं ऐकली आहेत. गरम पाण्याच्या अंशांनी मला जेवढं हलवलं तेवढं त्या भाषणांनी नाही. कारण ते आकडे हवेतून आलेले नव्हते. मतिमंद मुलामाणसांच्या पार्टलो संस्थेचं प्रकरण याच दाव्यात होतं, आणि तिथे देखरेखीला माणूस नसल्याने एका रहिवाशाचा अंगावर उकळतं पाणी पडून मृत्यू झाला होता. न्यायाधीशाने पाण्याचं तापमान लिहिलं त्यामागे एक मेलेला माणूस होता.

कोर्टाने इस्पितळ चालवावं का, हा आक्षेप तेव्हाही घेतला गेला आणि आजही घेतला जातो. वॉलेस तर रोजच घेत होते. 1976 मध्ये तुरुंगांच्या निकालात कोठडी किमान 60 चौरस फुटांची हवी असं लिहिल्यावर आणखी ओरड झाली. आक्षेप पोकळ नाही. न्यायाधीशाला निवडून कुणी दिलेलं नसतं, आणि पैसा कुठून आणायचा हे त्याला ठरवता येत नाही. जॉन्सन यांचं उत्तर मला पटतं. त्यांनी दाखवून दिलं की, ज्या कामाने मतं मिळत नाहीत ते काम पुढारी मुद्दाम न्यायालयाकडे लोटतात. वेडे आणि कैदी मतं देत नाहीत. मग हुकूम झाला की तेच पुढारी न्यायाधीशाला शिव्या देतात आणि निवडून येतात. ब्राइसच्या बाबतीतही सरकारला आधी सहा महिने मिळाले होते. परिशिष्ट आलं ते त्यानंतर. आपल्याकडे जनहित याचिकांत नेमलेल्या देखरेख समित्यांवर हाच वाद ऐकू येतो, आणि त्यातही मला आधी हेच विचारावंसं वाटतं की, त्याआधी खात्याला किती संधी दिली होती.

घरचं दुःख त्यांनी कोर्टात कधी आणलं नाही. 1975 मध्ये त्यांच्या एकुलत्या मुलाने आपलं आयुष्य संपवलं. पुढच्याच वर्षी जानेवारीत तुरुंगांचा तो निकाल आला. 1977 मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी त्यांना एफबीआयचं प्रमुखपद देऊ केलं होतं, पण महाधमनीच्या आजारामुळे ते राहून गेलं. 1979 मध्ये ते अपील न्यायालयावर गेले. 1999 मध्ये मॉन्टगोमेरीतच वारले. जिथे त्यांच्या अंगणात क्रॉस जळला त्याच शहरातल्या न्यायालयाच्या इमारतीला, ते हयात असतानाच, त्यांचं नाव दिलं गेलं होतं.

अपील न्यायालयावर गेल्यावर डिस्ट्रिक्ट कोर्टातली त्यांची जागा रिकामी झाली. तिथे 1980 मध्ये मायरन थॉम्पसन यांची नेमणूक झाली. कृष्णवर्णीय, तेव्हा वय तेहतीस, जन्मगाव टस्कीगी. अठ्ठावीस बाजूंची ती हद्द आखली गेली तेव्हा ते दहा वर्षांचे होते. जॉन्सन यांच्या फायलींबरोबर वायटची फाइलही तिथेच होती. मंत्री बदलले, गव्हर्नर बदलले, तपासण्या झाल्या, अहवाल आले, पक्ष तडजोडीला आले, पुन्हा फिसकटलं, पुन्हा आले. दावा दाखल झाल्यावर तेहतीस वर्षांनी, डिसेंबर 2003 मध्ये, ठरलेल्या गोष्टी सरकारने पुऱ्या केल्या आहेत अशी नोंद करून थॉम्पसन यांनी तो निकाली काढला.